आग्याच्या कड्याखालून

"आई, गोरसी इझव आता," भोजराज पुढून म्हणाला. डोंग्याच्या नाकावर उभा राहून तो बांबूनं खडक चुकवत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"काहून?"

"कडा येऊन राह्यला."

"मले डोळे नाहीत का? तू पोटात होता तवापासून या कड्याखालून जाऊन राह्यली मी."

वैनगंगेच्या उजव्या अंगाला उभा काळा दगड आणि त्याच्या पोटाला लोंबणारी आग्यामोहोळं, एकेक सुपाएवढं. आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांचा नेम आहे. कड्याच्या आधी गोरसीतला विस्तव नदीत टाकायचा, ओलं फडकं डोक्यावर घ्यायचं, वल्हं उचलून डोंगा धारेवर सोडायचा. कडा मागे पडेपर्यंत बोलायचं नाही, हात हलवायचा नाही. मोहोळ उठलंच तर पाण्यात उडी. दुसऱ्या कोणी हा नेम मोडला असता तर मीच त्याच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या. पण त्या दिवशी डोंग्यात माझ्या मांडीवर डोकं ठेवून आमचे घरधनी निजले होते.

पंधरा दिवसांमागे जाळं काढताना माशाचा काटा त्यांच्या घोट्यात मोडला होता. बाजाराला येणारा कंपाउंडर दुलीचंद म्हणाला, बालाघाटला न्या. मी म्हटलं, "आमच्या घरचा मानूस सरकारी खाटेवर पडत नाही." हळद बांधली, निंबाचा पाला बांधला. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला, तेव्हा कुठे माझं तोंड बंद झालं. तोवर रस्त्यावरचा पूल पुरानं नेला होता आणि दिवाळीशिवाय बस लागणार नव्हती. म्हणून डोंगा. दोन दिवसांची वाट, दोन्ही काठांना नुसतं जंगल.

जंगलात वाघ असतो म्हणतात. आम्हाला तो दिसला नाही. आम्हाला खाल्लं ते किड्यांनी. सकाळी चिलटं डोळ्यांत, नाकात, घास घ्यायला तोंड उघडावं तर तोंडात. उन्हं चढली की गोमाश्या, लुगड्यावरून रक्त काढणाऱ्या. दिवस कलला की डास. पहिल्या संध्याकाळी रेतीवर टेकलो तेव्हा भोजराजनं बापाच्या अंगाला करंजाचं तेल चोळलं.

"या साऱ्याईले मीच गोड लागून राह्यलो," हे म्हणाले. "तुले कोनी चावत नाही."

"चावून पाहाव त्याईनं. मरतीन."

तापात होते तरी हसले. पोट हलेपर्यंत हसले.

खरा वैरी मात्र निळी माशी. पायाचा वास तिला कुठून कुठे लागत होता कोण जाणे. तिला धूर तेवढा रोखायचा. म्हणून दोन दिवस मी ती मातीची गोरसी त्यांच्या पायाशी पेटती ठेवली होती, शेणी आणि निंबाचा पाला घालून.

"धूर गेला का माश्या जखमेत बसतीन," मी भोजराजला म्हणाले. "फडकं झाकू गोरसीवर. थोडाच धूर निघंन."

"अन् मोहोळ उठलं तर? तू न् मी उड्या मारू. बाबा कुठी जातीन?"

मी गोरसी त्यांच्या पायाशी आणखी सरकवली.

"इझव ना वं," हे डोळे न उघडता म्हणाले. "पोरगं बरोबर बोलून राह्यलं."

"हौ," म्हटलं आणि गोरसी पाण्यात पालथी केली.

कड्याखाली पाणी संथ आहे. डोंगा इतका हळू सरकत होता की चालत गेलं असतं तर लवकर पोचलो असतो. वर आग्याचा आवाज, जात्यासारखा, एकसारखा. धूर गेलेला माश्यांना लगेच कळला. आधी पायावर बसल्या, मग तोंडावर. पदराचं टोक माझ्या मुठीत होतं आणि मूठ उचलायची सोय नव्हती. मी हळूच फुंकर घालायची. माशी उठायची, हातभर जायची, परत तिथेच. ते डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. माशी पापणीवर बसली की पापणी मिटायचे, उठली की उघडायचे. तेवढंच आमचं बोलणं चाललं होतं.

एक आग्यामाशी माझ्या मनगटावर उतरली. बांगड्यांमधून चालली, थांबली, पुन्हा चालली. मी तिच्याकडेच पाहत राहिले. ती उडाली तेव्हा श्वास सोडला आणि खाली पाहिलं.

त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात निळी माशी बसली होती. मी फुंकर घातली. ती उठली नाही. बुबुळावर चढली. पापणी मिटली नाही.

माझ्या तोंडाला अर्धं गाव भीत असे. सासूला सोडलं नाही मी, पटवाऱ्याला सोडलं नाही. आणि आता हंबरडा जिभेवर निखाऱ्यासारखा पडला होता आणि मी दात आवळून बसले होते, कारण पुढं माझा लेक उघड्या पाठीनं उभा होता आणि त्याच्या डोक्यावर मोहोळं होती. पाळण्यातलं मूल जागं होऊ नये अशा हातानं मी त्यांच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. तळव्याखाली ऊब होती. जन्मभर अंगात होती तेवढीच.

कडा सरला. भोजराजनं डोक्यावरचं फडकं काढून पिळलं.

"झालं, आई. आता बोल. येवढा वेळ गप राह्यली, बाबाले नवल वाटून राह्यलं असन."

मी तळवा तिथंच ठेवला. पुढं दोन्ही काठांचे खडक जवळ येतात आणि पाणी मधल्या फटीतून धावतं. तिथं बांबू धरणाऱ्याचे हात कापून चालत नाहीत.

"झोपले का?"

"हौ. तू खडकाकडे पाहा."

"उन्हं उतराच्या आत दवाखान्यात नेतो त्याईले. तू पाहाय."

"हौ."

एका हातानं मी वल्हं धरलं. दुसऱ्या हातानं पदर घेतला आणि त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारू लागले. आता हात हलवायला मनाई नव्हती.