‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द

मी विधानभवनातला एक बिनतारी माइक बोलतोय. खरं तर बोलणं हा माझा धंदा नाही. लोक बोलतात, मी ते फक्त लांबवर पोचवतो. पण एकदा माझ्यासमोर असं काही घडलं, की आज गप्प राहवत नाही.

कारखान्यात माझी पारख झाली ती ‘हॅलो, हॅलो’ ऐकून. तिथून आलो तो थेट समितीच्या खोलीत. विधेयक कायदा व्हायच्या आधी इथे तपासलं जातं. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, एक कायम करकरणारी खुर्ची. शिपाईदादा मला रुमालाने पुसायचे आणि ज्याची पाळी येईल त्याच्या तोंडापुढे धरायचे. माणसं मोठी गमतीची! घरात आवाज चढवणारी माझ्यापुढे आली की मांजर होतात. घसा खाकरतात, उगाच मला टिचक्या मारतात.

त्या अधिवेशनात शाळांसंबंधी बरीच विधेयकं आली होती. त्यातलं एक अगदी छोटं. ज्या शाळेत ऐकू न येणारी मुलं शिकतात, तिथे खुणांची भाषा येणारा शिक्षक ‘शक्य असल्यास’ नेमावा, एवढंच.

या विधेयकाच्या मागे एक आत्या हात धुऊन लागली होती. चष्म्याचं दुकान बंद ठेवून ती भाचीला घेऊन यायची. भाचीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत ती सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायची आणि तरीही सगळ्यांत मागे पडायची.

आत्याची पाळी आली.

“साहेब, ते ‘शक्य असल्यास’ तेवढं काढा. ते राहिलं, तर कुठल्याच शाळेला कधी शक्य होणार नाही.”

समोर एक ज्येष्ठ सदस्य बसले होते. मिशा एवढ्या भरघोस, की त्यांचं नावच ‘मिशीवाले’ पडलं होतं. ते म्हणाले, “अहो बाई, एवढे शिक्षक काय झाडाला लागतात? आणि ही मुलं ओठांकडे बघून समजून घेतात की!”

“तिलाच विचारा ना.”

मिशीवाले पुढे वाकले. “काय गं बाळ, मी बोलतोय ते कळतंय ना?”

मुलीने आत्याकडे वळून हात हलवले. आत्या कानकोंडी झाली. “सांगू?”

“सांगा, सांगा.”

“ती म्हणतेय, काकांच्या मिशा सगळे शब्द खाऊन टाकतात.”

अख्खी खोली हसली. मिशीवालेही मिशीतल्या मिशीत हसले. मग शिपाईदादांनी सवयीने मला मुलीपुढे धरलं आणि ती बोलू लागली. मला ऐकू येत होती फक्त बाहीची सळसळ, तळहातावर आपटलेला तळहात, भरभर घेतलेला श्वास. शब्द मागून येत होते, आत्याच्या तोंडून.

“वर्गात बाई काहीतरी बोलतात, सगळे हसतात. मग मीही हसते, जरा उशिरा. घरी आल्यावर आत्याला विचारते, काय झालं होतं? पण ती कुठे वर्गात असते...”

इथे आत्या चष्मा काढून डोळे पुसायला लागली, शब्द मागे राहिले. मुलीचे हात मात्र थांबले नाहीत. मी कितीतरी गडगडाटी भाषणं ऐकली होती, पण आवाजावाचून भरून गेलेली खोली पहिल्यांदाच पाहत होतो. करकरणारी खुर्चीसुद्धा गप्प होती.

तरीही समितीने ते दोन शब्द तसेच ठेवले. विधेयक सभागृहात गेलं आणि गोंधळात, तहकुबीत रोज मागे पडत राहिलं. अधिवेशन संपलं की ते महिनोन्‌महिने लांबणीवर पडणार होतं.

शेवटच्या दिवशी सभापतीबाईंचा माइक घरघरायला लागला, म्हणून मला त्यांच्यापुढे ठेवलं गेलं. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत आत्या आणि भाची होत्या. रखवालदाराने आत्याला बजावलं होतं, “इथे बोलायचं नाही, हातवारेही करायचे नाहीत. नियम आहे.” म्हणजे खाली काय चाललंय, ते भाचीला कळायला मार्गच उरला नव्हता.

संध्याकाळी विधेयकाची पाळी आली. मिशीवाले उभे राहिले. आता हे विधेयक बुडवणार, असंच मला वाटलं.

“माझी दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. “‘शक्य असल्यास’ हे शब्द वगळावेत. शिक्षक झाडाला लागत नाहीत हे खरं, पण कायदाच म्हणाला ‘जमलं तर बघा’, तर ते घडवणार तरी कोण? ज्या मुलीने मला हे शिकवलं, ती वर बसली आहे.”

सभापतीबाईंनी वर पाहिलं. एरवी त्या विचारत, “अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं.” त्या दिवशी त्या माझ्याजवळ येऊन सावकाश म्हणाल्या, “दुरुस्तीला आणि विधेयकाला अनुकूल असतील, त्यांनी बोलू नये. हात वर करावेत.”

आधी मिशीवाल्यांचा हात गेला. मग त्यांच्या शेजारचा. मग समोरच्या बाकांवरचे, दिवसभर एकमेकांवर तुटून पडणाऱ्यांचे. बघता बघता सगळं सभागृह हातांनी भरून गेलं. आवाज टिपणारा मी, आणि टिपायला एक शब्द नव्हता! वर ती मुलगी कठड्याला धरून उभी राहिली होती. रखवालदार तिला ‘बस’ म्हणायला पुढे झाला आणि तसाच थबकला.

तिच्या शाळेत शिक्षक यायला पुढचं वर्ष उजाडलं. अजून कित्येक शाळांत जागा रिकाम्या आहेत, आणि आत्या त्यांच्यामागे आहेच. माझी जाळी आता चेपली आहे, आवाज फाटतो. नवे माइक आले, मी कपाटात पडून असतो.

तुम्हाला एकच विनवणी आहे. पास काढला की त्या गॅलरीचं दार सगळ्यांना उघडं असतं, पण बाकं बहुतेक मोकळीच असतात. तुमच्या मुलांच्या शाळेचं काही ठरत असेल, तेव्हा कधीतरी येऊन बसा. खालची माणसं वर बघतात, हे मी पाहिलंय.