मिस्त्रींचं नाक

"चावी फिरवू का, मामा?" जावयाने तिसऱ्यांदा विचारलं.

"हात लावू नका चावीला!" पिकअपखालून मिस्त्री ओरडले. "इथे टाकी माझ्या छातीवर आलीय आणि तुम्हाला घाई!"

घाई तर होतीच. जावयाला नवी नोकरी लागली होती, उद्या सकाळी परगावी हजर व्हायचं होतं आणि मागे कपाटापासून पाळण्यापर्यंत अख्खा संसार लादलेला. नेमका आजच या म्हाताऱ्या गाडीच्या पेट्रोल पंपाने दगा दिला. आधी टाकीच्या बुडाला दोन थापा मारल्या की जागा व्हायचा, आता तेवढ्यानेही हलेना. मिस्त्रींनी टाकी उतरवून नवा पंप बसवला, पण सोबत आलेलं रबरी सील मापाचं निघालं नाही. मग जुनंच पुसून घातलं. जुनं सील पेट्रोल पिऊन फुगतं, एकदा काढलं की पुन्हा नीट बसेलच असं नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण आजवर अशी ढीगभर जुनी सीलं त्यांनी घातली होती. गळती असलीच तर नाक सांगायचं.

त्या नाकावरच तर गॅरेज चालायचं. टाकी वर चढवली की तिचं तोंड हौद्याखाली दडतं, ओल दिसत नाही. मग टाकी भरून गाडी मोकळ्या हवेत काढायची, इंजिन चालू ठेवायचं आणि खाली वाकून नाक लावायचं, ही मिस्त्रींची रीत. गिऱ्हाइकं म्हणायची, नाक असावं तर मिस्त्रींसारखं! आणि गेल्या तापात नेमकं तेच गेलं. चहा म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे नुसता फेस. कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता त्यांनी. मघाशी लेकीने बाळ मांडीवर दिलं, तेव्हाही टाळू हुंगून "अजून दुधाचा वास येतो हो लबाडाला" म्हणून मोकळे झाले होते.

गाडी बाहेर निघाली. इंजिनाने अजिबात कुरकुर केली नाही, तसा जावई खूश झाला. "वा मामा! वासबिस नाही ना?"

मिस्त्रींनी वाकून जोरात श्वास ओढला. काही नाही. काहीच नाही. "तुम्हाला येतो का?"

"मला? माझं नाक सर्दीने चोंदलंय कालपासून." जावई हसला. "आणि तुमचं नाक असताना माझं कशाला?"

"ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. जीभ कशी रेटली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

लेक बाळाला घेऊन पुढे बसली. दार लागलं. टाकीला जवळजवळ खेटूनच सायलेन्सर जातो, आणि तो आता तापत चालला होता. खिडकीतून बाळाची एवढीशी मूठ बाहेर आलेली मिस्त्रींना दिसली. गाडी हलली.

"थांबा! थांबा म्हणतो ना! इंजिन बंद करा!" ते सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले.

"आता काय झालं, मामा?"

"बाळाला धरा तुम्ही." मग ते लेकीकडे वळले. "तू उतर. मागे ये. खाली वाकून वास घे."

ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि झटकन मागे सरली. "बाबा, येतोय! भपकारा येतोय नुसता!"

मिस्त्री गॅरेजच्या पायरीवर मटकन बसले. "मला येत नाही गं," ते म्हणाले. "कशाचाच येत नाही. आणि तरी ठीक आहे म्हणालो मी. तुम्हाला तसंच पाठवत होतो." डोळे भरून आले होते, आणि पुसायला हात काळे.

जावई बाळाला छातीशी धरून गाडीपासून चार पावलं मागे सरला.

"मघाशीच मनात पाल चुकचुकली होती माझ्या," लेक म्हणाली. "बाळालाही सर्दी झालीय म्हणून टाळूला बाम चोळलाय मी, बाबा. आणि तुम्ही म्हणालात, दुधाचा वास."

कुणी न सांगताच जावई मापाचं सील आणायला गेला. टाकी पुन्हा उतरली, पुन्हा चढली. या वेळी मिस्त्री नुसते उभे राहिले आणि लेकीने गाडीखाली नाक लावलं.

"नाही येत."

"पुन्हा बघ."

"नाही येत, बाबा. खरंच."

निघताना तिने बाळ त्यांच्या हातात दिलं. सवयीने त्यांचं नाक टाळूपाशी गेलं आणि तिथेच थबकलं.

"कसला येतो गं?"

लेकीने वाकून हुंगलं. "बामाचा," ती म्हणाली. "आणि त्याच्या खाली दुधाचा."

"दुधाचा आहे ना?"

"आहे, बाबा."