चाकाच्या औषधाची बाटली

मित्रांनो, माझ्या पोटावर एक तारीख छापलेली आहे आणि ती केव्हाच होऊन गेली आहे. मी चाकाच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. गाडी रस्त्यात पंक्चर झाली, की माझी नळी चाकाच्या व्हॉल्व्हला लावायची. माझ्या पोटातला पांढरा चीक ट्यूबमध्ये सोडायचा, वरून छोट्या पंपाने हवा भरायची आणि गाडी सावकाश गावापर्यंत न्यायची. एवढ्या एका कामासाठी माझा जन्म झाला. ते काम माझ्या वाट्याला एकदाच आले. त्या सकाळची हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

कारखान्यात माझ्या पोटात चीक भरला, तेव्हा तो ताज्या दुधासारखा पातळ होता. मला हलवले की डबडब आवाज यायचा. मग पुण्यातल्या एका दुकानात मी काचेमागे उभी राहिले. तिथे एके दिवशी निमोण्याचा हनुमंत आला.

हनुमंतची प्रवासी व्हॅन होती. निमोणे, शिरूर, इनामगाव, दौंड असा तिचा रोजचा फेरा. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने व्हॅनला गॅसची टाकी बसवून घेतली. ती टाकी बसली नेमकी स्टेपनीच्या जागी. आता जादा चाक ठेवायचे कुठे? दुकानदाराने मला आणि पंपाला एका निळ्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. स्टेपनी घरी गोठ्यात गेली. तिच्या खोबणीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

घरी माझे मोठे कौतुक झाले. हनुमंतचे वडील आण्णा अर्धी हयात मेंढरांमागे चालले होते. पुढे मेंढरे विकून त्यांनी शेती धरली. त्यांनी मला कानाशी धरून हलवले.

"आरं, मेंढरास्नी औषध पाजताना पाह्यलंय. चाकाला पाजत्यात व्हय?"

"पाजत्यात, आण्णा. पाजलं की चाक उठून पळतंय," हनुमंत म्हणाला.

त्याची आई रतनबाई हसली. बायको सुषमाने मात्र मला हातात घेऊन चारी बाजूंनी वाचले. ती गावच्या बालवाडीत शिकवायची. समोर अक्षर दिसले, की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे.

"हिच्यावं तारीख हाय," ती म्हणाली. "तवर वापरायची, मग नवी आणायची."

"त्याला लई येळ हाय," म्हणून हनुमंतने मला व्हॅनच्या मागच्या दाराशी, गॅसच्या टाकीला टेकवून ठेवले.

तिथून माझी खरी तगमग सुरू झाली. गाडी खड्ड्यात आदळली, की मला वाटायचे, आता आपली वेळ आली. गाडी थांबली, की मी कान टवकारायची. पण कोणी उतरायचे, कोणी चढायचे आणि गाडी पुन्हा चालू लागायची. एकदा पंक्चर झाले, तेही नेमके वरवंडमध्ये, पंक्चरवाल्याच्या दारात. माझी गरजच पडली नाही.

हळूहळू माझ्यावर कांद्याच्या पिशव्या आल्या, पेंडीची पोती आली, एकदा तर लग्नातली भांडी आली. उन्हाळ्यात मागचा पत्रा तव्यासारखा तापायचा. माझ्या पोटात काहीतरी बदलत होते. चीक खाली बसू लागला, वर नुसते पाणी तरंगू लागले. गाडी हलली तरी पूर्वीसारखा डबडब आवाज येईना. मी ओरडून सांगू शकत नव्हते. पिशवीतला पंप माझ्या शेजारी निवांत पडलेला असे. त्याच्या अंगावर तारीख नव्हती.

त्याच सुमारास सुषमाच्या मनात एक गोष्ट आली. सोलापूरला पोलीस भरती निघाली होती. वयाची अट होती. ही भरती हुकली, तर पुढच्या भरतीला ती बसूच शकणार नव्हती. लहानपणी शाळेच्या शर्यतीत ती पहिली यायची, पण लग्नानंतर धावायचे कारणच उरले नव्हते. एका रात्री जेवताना तिने हे सगळ्यांसमोर बोलून टाकले.

"आमी मेंढरामागं पळून पाय झिजवलं," आण्णा म्हणाले, "आन् आता सून डांबरी रस्त्यावं पळणार? लोक काय म्हनतील?"

उत्तर दिले रतनबाईने. "लांडग्यानं कोकरू उचललं तवा म्या लुगडं खोचून माळभर पळाले हुते. तवा न्हाई इचारलं लोक काय म्हनतील."

आण्णांनी मान खाली घालून भाकरी मोडली. दुसऱ्या दिवसापासून सुषमा धावू लागली.

पहाटेच्या अंधारात बाईमाणूस एकटी कशी धावणार, म्हणून हनुमंत व्हॅन काढायचा. तो पुढे हळूहळू चालवायचा आणि मागचे दार वर उचलून ठेवायचा. आतल्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडे. त्या उजेडात सुषमा मागून धावत येई. मित्रांनो, तिच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज मला रोज ऐकू यायचा. सुरुवातीला ती धापा टाकत थांबायची, पोटाला हात लावून वाकायची. मग थांबणे कमी होत गेले. पुढे पुढे हनुमंतला गाडीचा वेग वाढवावा लागला.

"गाडी पळव की!" ती मागून ओरडायची.

"पळवतो, पन बैलगाडी हाकल्यासारखं वाटतंय आसं घरी कुनाला सांगू नगं!"

एका पहाटे धावून झाल्यावर ती मागच्या दारात पाणी पीत बसली होती. तिच्या पायाला माझी पिशवी लागली. तिने सहज मला बाहेर काढले आणि तारीख वाचली.

"आवं, हिची मुदत गेली की."

"बंद झाकनात काय हुतंय तिला?" हनुमंत रस्त्याकडे बघत म्हणाला. "लोणचं टिकतंय की वरीसभर."

"ही लोणचं न्हाई. भरतीला जाताना दौंडची रेल्वे धरायचीय आपल्याला. नवी आणा."

"आणतो. पुण्याला चक्कर झाली की आणतो."

पुण्याला त्याच्या चकराही झाल्या. पण कधी प्रवासी घाईत असत, कधी दुकान बंद असे, कधी तो विसरे. मी पिशवीत पडून ऐकत होते. माझ्या पोटातला चीक दह्याच्या कवडीसारखा घट्ट झाला होता. मला वाटायचे, ही बाई रोज एवढी धावते आहे आणि मी तिच्या वाटेत बसले आहे.

भरतीचा दिवस आला. दुपारी बाराच्या आत सोलापूरच्या मैदानावर हजर व्हायचे होते. दौंडहून सकाळची रेल्वेगाडी मिळाली, तर वेळेत पोचता येणार होते. घरातून निघताना रतनबाईने सुनेच्या हातावर दही ठेवले. आण्णा गोठ्यात होते. ते बाहेर आले नाहीत, पण व्हॅन हलली तेव्हा त्यांनी फाटक उघडून धरले.

उसाचे दिवस होते. रस्त्यावर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग होती. चालता चालता बैलांच्या खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या सैल होतात आणि त्यांचे खिळे रस्त्यावर गळतात. इनामगावच्या अलीकडे हनुमंतने एका गाडीला बगल द्यायला व्हॅन कडेला घेतली. खट्कन आवाज झाला. थोड्या वेळाने व्हॅन एका बाजूला ओढू लागली.

हनुमंत उतरला. मागचे चाक पार बसले होते. रबरात पत्रीचा खिळा चमकत होता.

त्याने मागचे दार उघडले, पिशवी ओढली आणि मला हातात घेतले. एवढ्या वर्षांनी माझी वेळ आली होती. मित्रांनो, मी आनंदी व्हायला हवे होते. मी भीतीने गारठले.

त्याने मला जोरजोरात हलवले. आवाज आला नाही. सुषमा शेजारी उभी होती. त्याने व्हॉल्व्हची पिन काढली, माझी नळी लावली आणि मला उलटे धरून दाबले. आधी थोडे पिवळट पाणी गेले. मग चिकाची एक गाठ आली आणि व्हॉल्व्हच्या तोंडातच अडकली. त्याने आणखी जोर लावला. माझी नळी निसटली आणि चिकाचा लगदा त्याच्या शर्टावर उडाला.

"नुसती हवा भरा," सुषमा म्हणाली. "दौंडपातुर निघंल."

त्याने पंप लावला. पंप घुरघुरला, तापला, पण व्हॉल्व्ह माझ्या गाठीने बंद झाला होता. हवेचा कणही आत जाईना. हनुमंतने तारेने गाठ उकरायचा प्रयत्न केला. ती अधिकच आत सरकली. नुसती हवा भरली असती, तर कदाचित तो थोडेफार अंतर काटू शकला असता. माझ्यामुळे तेही राहिले.

मागे बैलगाड्यांची रांग थांबली होती. कोणाची मोटारसायकल येते का म्हणून हनुमंत रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे धावून आला. रस्ता उसाने भरलेला होता.

सुषमाने ओढणी कमरेला घट्ट बांधली. कागदांची पिशवी पाठीला लावली.

"कुठं निघालीस?"

"दौंडला."

"आगं, लई लांब हाय! वाटंत कायतरी भेटंल, थांब जरा."

"वाटंत भेटंल तवा बसंन. तवर पळते."

आणि ती निघाली. रोज ती गाडीच्या मागून धावायची, म्हणून मी तिला कधी पाठमोरी पाहिले नव्हते. हनुमंतच्या चिकट हातात उलटी लटकलेली मी तिच्याकडे बघत राहिले. बैलगाड्यांच्या कडेने ती अशी गेली, की उसावर बसलेल्या बाया वळून बघू लागल्या. एक बाई ओरडली, "पळ गं बाय, पळ!" वळणावर ती दिसेनाशी झाली. हनुमंत रस्त्याच्या मधोमध उभा होता. गाडीवान बाजूला हो म्हणत होते, ते त्याला ऐकू येत नव्हते.

संध्याकाळी व्हॅन दुरुस्त होऊन अंगणात उभी होती. मागचे दार उघडेच होते. अंधार पडता पडता सुषमा आली. ती ओट्यावर बसली आणि बूट सोडू लागली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पुढं दुधाचा टेम्पो भेटला," ती म्हणाली. "टेसनात शिरले तवा गाडीचा शेवटचा डबा दिसत हुता. मग दुसऱ्या गाडीनं गेले. मैदानाचं फाटक बंद झालं हुतं. आतल्या पोरी पळताना दिसत हुत्या. पोलीसबाईला हात जोडले. ती म्हनाली, ताई, मला वाईट वाटतंय, पन एकीला सोडलं तर बाहेरच्या साऱ्यास्नी सोडावं लागंल."

हनुमंत खांबाला टेकून उभा होता. "माझ्यामुळं झालं," तो म्हणाला.

"व्हय," सुषमा म्हणाली. तिने ते शांतपणे म्हटले, पण खोटा धीर दिला नाही. रतनबाईने तिचे सुजलेले पाय कोमट पाण्यात धरले.

आण्णा एकदम म्हणाले, "फुडची भरती कवा हाय?"

"वय संपलं माझं, आण्णा."

"मानसाला बी तारीख आसती व्हय?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "पाय तर हाईत की तिचं! सगळ्या रस्त्यानं बघितलंय. बाजारात मला चार जनांनी सांगितलं, तुमची सून वाऱ्यावानी गेली म्हून. दुसरं काय आसंल ते बघा!"

लोक काय म्हणतील, याचे उत्तर आण्णांना बाजारात मिळाले होते.

दुसऱ्याच दिवशी हनुमंत रिकामी व्हॅन घेऊन पुण्याला गेला. एकही प्रवासी न घेता, फक्त माझ्या जागी नवी बाटली आणायला. त्याने ती आणून सुषमाच्या हातात दिली. तिने तारीख वाचली, रंगाच्या डबीत ब्रश बुडवला आणि मागच्या दाराच्या आतून ती तारीख ठळक अक्षरांत लिहिली. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायची. नव्या बाटलीचा आवाज मी ऐकला. डबडब, डबडब. मला रडू आले असते, तर मी रडले असते.

सुषमा पोलीस झाली नाही. पण काही महिन्यांनी दौंडला होमगार्डची निवड झाली आणि तिथे तिचे वय बसत होते. ती पहिल्या शर्यतीतच सगळ्यांच्या पुढे निघून गेली. आता शिरूरच्या बाजारात आणि मिरवणुकांत ती खाकी कपड्यांत बंदोबस्ताला उभी असते. पोलिसाची नोकरी तिला आजही आठवते. भरतीची जाहिरात दिसली, की ती पेपरचे ते पान पुन्हा पुन्हा वाचते.

आणि मी? हनुमंतने मला फेकले नाही. तो मला शिरूरच्या स्टँडवर घेऊन गेला. तिथल्या गाडीवाल्यांच्या हातात मला देऊन म्हणाला, "हलवून बघा. आता आपापल्या गाडीतली हलवा." दोघांच्या बाटल्या माझ्यासारख्याच गपगार निघाल्या. ते हसले नाहीत. लगेच नवीन मागवल्या. माझ्या साऱ्या आयुष्यात मी कोणाच्या कामी आले असेन, तर त्या दिवशी.

आता मी हनुमंतच्या ओट्यावर असते. परवा व्हॅनमधली नवी बाटलीही बदलली. ती एकदाही वापरली गेली नव्हती. सुषमाने ड्युटीवरून येताच, खाकी कपड्यांतच, दारावरची तारीख पाहिली, बाटली बाहेर काढली आणि दुसरी ठेवली. काढलेली बाटली अजून डबडब वाजत होती. मला तिचा हेवा वाटला.

मित्रांनो, जुन्या वस्तू माणसांना सांगतात, आम्हाला जपा, टाकू नका. माझी विनंती तेवढी गोड नाही. तुमच्या गाडीत माझी एखादी बहीण असेल, तर आजच उठा आणि तिचे पोट वाचा. तिचा दिवस होऊन गेला असेल, तर दयामाया करू नका, तिला काढा आणि नवी ठेवा. तिला वाईट वाटणार नाही, हे मी खात्रीने सांगते. वाईट वाटते ते उसाच्या रस्त्यावर बसलेल्या चाकापाशी पडून राहताना, आणि कोणीतरी आपल्यामुळे पायी धावत निघाले आहे हे बघताना.