चावलेला फुफू

डुफीनं ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं, तर सासरच्यांना पहिली चिंता कसली? ही वाळली तर अख्खं कुमासी शहर म्हणेल, बोआतेन बायकोला उपाशी ठेवतो. साखर वाढून मेली असती तर यांची अब्रू शाबूत राहिली असती! मी तिची थोरली बहीण. तोंडावर बोलते म्हणून मला त्या घरी कुणी बोलावत नाही. त्या रविवारी मी न बोलावताच गेले.

सासूनं, अफ्राकोमाबाईनं, मुद्दाम स्वतः उकडलेले कंद कुटून फुफूचा चिकट गोळा कांडला होता. ताडफळांचा तेलकट तांबडा रस्सा, वर बोकडाचं मटण, सगळ्यांना मिळून एकच वाडगं. या वासानं पूर्वी डुफी गल्लीच्या तोंडापासून पळत यायची. आता तिला भुकेची आठवण करून द्यावी लागायची आणि तेलाच्या वासानं मळमळायचं.

"खा गं. की माझ्या हाताला विष आहे?"

आमच्यात सासूच्या वाडग्याला हात लावला नाही, तर तिला चेटकीण म्हटल्यासारखं होतं. मग माहेरच्यांनी लग्नात सासरकडून घेतलेली मानाची दारू परत करायची, संसार खलास. म्हातारी त्याचीच वाट बघत होती.

डुफीनं गोळा रश्श्यात बुडवला आणि जन्माच्या सवयीनं तसाच गिळला. फुफू आम्ही चावत नाही. चावणारा एकतर परका, नाहीतर खुळा. गोळा छातीत अडकला. ती अंगणात पळाली, ओकली.

"बघा, बघा! सगळ्यांदेखत मला चेटकीण ठरवते ही!"

"आई, जाऊ दे ना," बोआतेन पुटपुटला.

"तू गप रे!"

तो गप्प बसला. तेवढं एक काम त्याला चांगलं जमतं.

मी उठणार, तेवढ्यात डुफी तोंड धुऊन परत आली. खाली बसली. वाटाण्याएवढा फुफू घेतला आणि चावू लागली. सावकाश, म्हातारीच्या डोळ्यांत बघत.

"शी! गोऱ्या बाईसारखी चावते!"

"चावणार. माझं पोट आता लहान आहे, आई, आणि ते माझं आहे."

आणखी दोन-चार घास तिनं तसेच चावून खाल्ले. मग वाडगं सासूपुढे सरकवलं.

"माझं झालं. विष नव्हतं, सगळ्यांनी पाहिलं. आता तुम्ही खा."

म्हातारीनं रागानं वाडगं स्वतःकडे ओढलं. बोआतेननं मात्र तेवढ्यात मटणाचा मोठा तुकडा उचलला.