ट्रेबल

संदेशनं गिटारच्या ॲम्पच्या पुढच्या बाजूची वायर उपटली, ॲम्प भिंतीपासून ओढला आणि त्याच्या पाठीमागं जाऊन वाकला. मागच्या पत्र्यावर धुळीच्या थराखाली आणखी एक भोक होतं. अंगठ्यानं धूळ पुसल्यावर 'रिटर्न' अशी अक्षरं दिसली. त्यानं वायर तिथं खोचली.

"दादा, आता वाजव," कीबोर्डमागून गौरव म्हणाला.

लोणावळ्यातल्या त्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये वेटर संध्याकाळसाठी खुर्च्यांना पांढरी कापडं घालत होते. दर शनिवारी तिथं पाहुण्यांसाठी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असायचा. गौरव कीबोर्ड वाजवायचा आणि रिसॉर्टशी बोलणीही तोच करायचा. गायची संदेशची बायको, ज्योत्स्ना. मागच्या शनिवारी पहिल्या रांगेतली एक बाई लेकराचे कान हातांनी झाकून उठून गेली होती. कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर माधवी मॅडमनी गौरवला बाजूला घेतलं. गिटार कानात टोचते, त्या म्हणाल्या, पुन्हा तक्रार आली तर आम्ही शनिवारी डीजे लावू.

तेव्हापासून संदेश त्या टोचण्याच्या मागं लागला होता. टाकव्याच्या घरात, कारखान्यातली पहिली पाळी करून आल्यावर, तो प्रोसेसर पुढ्यात घेऊन बसायचा. प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची चपटी पेटी. निरनिराळ्या ॲम्पच्या, स्पीकरच्या आवाजांची नक्कल तिच्या पोटात भरलेली. मोबाइलवर एक एक व्हिडिओ बघत त्याला चूक सापडली होती. नक्कल केलेला ॲम्प तो खऱ्या ॲम्पच्या तोंडात घालत होता. एकाच्या अंगावर दुसरा, त्यामुळं आवाज बिघडणारच. वायर मागून लावायची, प्रोसेसरमधली स्पीकरची नक्कल बंद करायची, मग खऱ्या ॲम्पचा स्पीकर तेवढा वापरला जातो. ज्योत्स्नाला हे सांगताना त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला होता.

आता त्यानं गिटार गळ्यात अडकवली आणि एक सुरावट छेडली.

"बेस चांगला झाला," गौरव म्हणाला. "पण वरचं अजून टोचतंय. ट्रेबल खाली घे."

"ट्रेबल हायच कुटं?" संदेश म्हणाला. "गोधडीत गुंडाळल्यावानी वाजतंय."

"दादा, सुई घुसतीये कानात."

"तुझा कीबोर्ड तसा वाजतोय."

गौरवनं कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून दाखवले. संदेशनं तिकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्याला खात्री होती. बारक्या तारांचा आवाज कुठंतरी अडकत होता, आणि तो मोकळा केला की झालं. तो प्रोसेसरशी उकिडवा बसला, ट्रेबल आणखी वर नेला, मग आवाजही वाढवला. पुन्हा उभा राहून त्यानं सगळ्यात बारकी तार वर खेचून धरली. ती जरा उमटल्यासारखी वाटली. त्यानं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा हॉल बदलला होता. एका वेटरनं हातातली कापडं टाकून दिली होती आणि दोन्ही तळहात कानांवर दाबले होते. दुसरा खांदे वर करून, मान आत ओढून दाराकडं चालला होता. गौरवचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. तो काहीतरी ओरडत होता आणि ॲम्पकडं बोट दाखवत होता. संदेशनं ॲम्पकडं पाहिलं. ॲम्पमधून तारेचा आवाज विरत चालला होता. बाकी तिथं काहीच नव्हतं.

ज्योत्स्ना स्टेजच्या कडेनं आली, तिनं ॲम्पचं बटण बंद केलं. वेटरनं हात खाली घेतले.

"केवढी शिट्टी ती," गौरव कान चोळत म्हणाला. "दादा, बंद का नाही केलीस?"

संदेशनं त्याच्याकडं पाहिलं, मग वेटरकडं. गिटारच्या पट्ट्यात अडकलेली कॉलर सोडवायला त्याला बराच वेळ लागला.

"बघत होतो," तो म्हणाला, "किती चढतीये ते."

गिटार स्टँडवर ठेवून तो बाजूच्या दारानं बाहेर पडला.

मागं बगिचा होता आणि त्यापलीकडं कमरेएवढी भिंत. भिंतीखाली उतारावर कारवी वाळत आली होती. संदेश भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं उजव्या कानाशी अंगठा आणि बोट धरून एकमेकांवर घासलं. मग डाव्या कानाशी. मग नखांनी घासून पाहिलं.

ज्योत्स्ना कधी शेजारी आली ते त्याला कळलं नाही. तिच्या हातात चहाचे दोन कागदी कप होते. एक तिनं भिंतीवर ठेवला.

"शिट्टी झाली व्हय खरंच?" त्यानं विचारलं.

ती त्याच्या समोर, त्याला तोंड दिसेल अशी उभी राहिली. गेलं वर्षभर ती अशीच उभी राहून बोलत होती, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

"झाली," ती म्हणाली.

"तुला म्हाईत होतं."

तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "गेल्या साली भातलावणी उरकली तवा आपण ओट्यावर बसलोवतो. अंधार पडायला लागलावता. तुमी म्हणला, यंदा रातकिडं न्हाईत. औषध मारून मारून मेलं असत्याल."

"मग?"

"लय वरडत होते, अवो. बोलणं ऐकू येत नव्हतं माझं मला."

संदेशनं चहा उचलला नाही. सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात तो लग्नाआधीपासून प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली यायचा, पत्र्याचं झाकण व्हायचं. दिवसभर तेच. पहिल्या वर्षी रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात घण पडत राहायचे. पुढं ते थांबले तेव्हा त्याला वाटलं होतं, सवय झाली.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगायचं? काम सोडा म्हणून?" ज्योत्स्ना म्हणाली. "डॉक्टरला दाखवू. यंत्र मिळतं कानाचं."

"यंत्र लावून प्रेसवर?"

खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला. त्याची घरघर त्याला नीट ऐकू आली. त्यातल्या त्यात ते बरं वाटलं, आणि मग तसं वाटल्याचाच राग आला.

"गौरवला सांगू नको," तो म्हणाला.

"न्हाई सांगत. पन चला आत. आवाज लावायचा ऱ्हायलाय."

आत आल्यावर ज्योत्स्नानं ओढणी खोचली आणि प्रोसेसरपुढं मांडी घालून बसली.

"मी फिरवते," ती म्हणाली. "तुमी नुसतं वाजवा."

गौरवला यात काही वेगळं वाटलं नाही. तो मधल्या रांगेत जाऊन बसला. संदेशनं उभ्या उभ्या तिला सांगितलं, कोणतं बटण कशाचं आहे, आधी एकूण आवाज कमी कर, मग ट्रेबल सावकाश खाली आण, एकदम नको. ती आणत गेली. तो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. तिनं ट्रेबल एक घर उतरवला की बारकी तार एक पाऊल लांब जायची. दुसऱ्या तारेनंही वाट धरली. तो तिच्या मानेकडं बघत होता. कुठंतरी ती मान थोडी हलकी झाली, आणि मागून गौरव म्हणाला, "थांबा वहिनी. हाच. काय गोड लागतोय."

वेटरही इकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मघाचं काही नव्हतं.

संदेशनं ती ओळ शेवटपर्यंत नेली. वरचे सूर त्यानं दाबले, सोडले. बोटांना तार लागत होती. ऐकू येत होती ती लाकडावर बोट आपटल्यासारखी टकटक.

"कसा वाटतोय तुमाला?" ज्योत्स्नानं खाली बसूनच विचारलं.

"चांगला लागलाय," तो म्हणाला.

"सेव्ह करून टाक दादा. परत हलवू नकोस," गौरव म्हणाला.

संदेश तिच्याशेजारी बसला. सेव्हचं बटण दाबल्यावर छोट्या पडद्यावर प्रश्न आला. या जागी त्याचा स्वतःचा आवाज होता, कितीतरी संध्याकाळी बसून जुळवलेला. तो पुसायचा का, असं पेटी विचारत होती. त्यानं होकाराचं बटण दाबलं.

कार्यक्रम चांगला झाला. कुणी उठून गेलं नाही. ज्योत्स्नाच्या आवाजातले खालचे सूर त्याला सापडत होते; वर गेली की तो तिच्या ओठांवरून आणि गौरवच्या हातांवरून जागा धरत होता. एका गाण्यात गिटारचा एकट्याचा तुकडा होता. तो त्यानं बोटांच्या सवयीवर वाजवला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान डोलावत होते. ते नेमकं कशाला दाद देताहेत हे कळावं म्हणून तो सगळा तुकडाभर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. माधवी मॅडम दारात उभ्या होत्या. निघताना त्या त्याच्याजवळ थांबून हसून काहीतरी म्हणाल्या. संदेशनं हात जोडले.

सोमवारी पहिली पाळी होती. कारखान्यात शिरल्यावर तो प्रेसवर न जाता स्टोअरच्या खिडकीशी गेला. स्टोअरवाला कैलास नुकताच येऊन बसला होता.

"कानात घालायचं ते दे," संदेश म्हणाला. "बोळं."

कैलास त्याच्याकडं बघत राहिला. मग उठून मागच्या कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागला. त्यानं बोलताना तोंड फिरवलं होतं, म्हणून संदेशला पुन्हा विचारावं लागलं.

"म्हणलं, आज कोन येनार हाय का तपासनीला?" खिडकीशी येत कैलास मोठ्यानं म्हणाला.

"न्हाई," संदेश म्हणाला. "कुनी येत न्हाई."