चकतीतलं काळं

भट्टी चार टक्के म्हणत होती आणि भाचीचा संगणक नऊ. दगड मात्र एकच. चिखल दबून दबून झालेला, पापुद्र्यांचा काळपट शेल. त्यात जुन्या जिवांचा कार्बन किती, एवढाच प्रश्न.

आत्या तो बावीस वर्षं जाळून सांगत आली होती. दगडाची पूड भट्टीत टाकायची, निघालेला वायू मोजायचा. भाची त्याच प्रयोगशाळेत नवी लागलेली. ती सूक्ष्मदर्शकाखाली दगडाच्या चकतीचे फोटो काढायची आणि काळे ठिपके संगणकाकडून मोजून घ्यायची. कार्बन दगडापेक्षा हलका, तोही हिशेब तिनं धरला होता. तरी नऊच. साहेबांनी सांगून टाकलं होतं, आकडे जुळले तर भट्टी बंद, नाही जुळले तर फोटोंचा नाद सोडायचा. म्हणजे घरातल्या एकीचं काम जाणारच होतं. भाचीची आई जेवताना दोघींना सारखंच वाढायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

"तुझी भट्टी म्हातारी झालीय, आत्या."

"म्हातारी झालीय, वेंधळी नाही."

पण चकत्या घासायचं कामही आत्याचंच. दुसऱ्या दिवशी तिनं चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बाजूनं दिवा फिरवला. निम्म्या ठिपक्यांच्या कडेला सावली हलली. कार्बनला कुठली सावली? ते खड्डे होते, घासताना कण उपटून पडलेले. पॉलिशचं कापड महिन्याभरापूर्वीच झिजलं होतं. चालतंय की, म्हणून तिनंच ते बदललं नव्हतं.

गप्प बसली असती तर भट्टी वाचत होती. दुपारपर्यंत तिनं गप्प बसून पाहिलं. जमलं नाही.

नवं कापड लावून तिनं चकती निगुतीनं पुन्हा घासली आणि भाचीपुढे ठेवली. "आता मोज. आधीची चूक माझी."

चार पूर्णांक दोन. भाचीचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला.

"तुझी भट्टी गं..."

"जाऊ दे. नाहीतरी घामाच्या धारा लागायच्या."

साहेबांना सगळं भाचीनंच सांगितलं, कापडासकट. संगणकाला खड्डा कळत नाही, आत्याला कळतो, तेव्हा चकत्या कोण घासणार आणि कोण तपासणार, असं तिनं विचारलं. साहेबांनी तो विचार केलाच नव्हता. भट्टी बंद झाली आणि आत्याचं टेबल भाचीच्या खोलीत आलं.

भाची हौसेनं ते पुसायला निघाली, हाताला लागलं ते झिजलेलं कापड घेऊन. आत्यानं तिचं मनगट धरलं.

"अगं, त्यात घासायची पूड आहे. मग बस टेबलाचे ओरखडे मोजत."