पानावरचं पीठ

सूनबाई तीन आठवड्यांसाठी कामानिमित्त परगावी गेली, तेव्हा खिडकीतल्या अकरा कुंड्या माझ्यावर सोपवून गेली. सगळी जाड, मांसल पानांची झाडं. त्यांना पाणी कमी लागतं, बोलणं त्याहून कमी. म्हणून ती मला जमतील असं तिला वाटलं असावं. त्यांतलं मोठं, फिकट निळसर झाड तिच्या आईचं. आई वारल्यावर माहेरून तिने तेवढंच मागून आणलं होतं.

“बाबा, याला काही करू नका,” ती म्हणाली होती. “नुसतं लक्ष ठेवा.”

आठवड्याभरात नेमकी त्याच झाडाची पानं मऊ पडली आणि कुंडीच्या काठावर मुंग्यांची रांग दिसली. घाबरलेला माणूस कुणाला तरी विचारतो. मी पुस्तकं काढतो. सूनबाईला फोन करायचं चारदा मनात आलं, पण तिच्या कामात हे कशाला, म्हणून चारदा राहिलं. पुस्तकात होतं की, पानांवर पांढरं, पिठासारखं काही दिसलं तर पिठ्या ढेकूण ही कीड समजावी. झाड वेगळं ठेवून स्पिरिटच्या कापसाने पुसावं. मी भिंग लावलं. पानं पांढऱ्या पिठाने भरलेली होती.

दोन दुपारी खपून एकेक पान पुसलं. मधली कोवळी पानं तेवढी राहिली, तिथे बोट पोचत नव्हतं. बाकी झाड हिरवंगार, चकचकीत झालं. आमच्या हिने चष्म्यावरून पाहिलं.

“पोहण्यावरचीही पुस्तकं वाचलीत तुम्ही,” ती म्हणाली. “पाण्यात उतरला नाहीत, हे आमचं नशीब.”

तिसऱ्या दिवशी उन्हाने त्या पानांवर तपकिरी चट्टे पडले.

सूनबाई परतली, तेव्हा तिने बॅग खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं. आठ दिवस घोकलेलं वाक्य, तरी उलटसुलट झालं. ती झाडापाशी गेली. सगळ्यात खालचं पान बोटाने उचलून पाहिलं, मग शेजारचं, मग पुन्हा पहिलं.

“ते पीठ किडीचं नव्हतं, बाबा. झाडाचं स्वतःचं असतं, उन्हापासून जपायला. एकदा पुसलं की त्या पानावर परत येत नाही.” तिने सगळ्यात खालच्या पानावर बोट टेकवलं. “इथे आईच्या अंगठ्याचा ठसा होता. कुंडी बदलताना उमटलेला.”

मी माफ कर म्हटलं, पण इतकं हळू की तिला ऐकू गेलं का, कोण जाणे.

ती कुंडीच्या काठाकडे वाकली. मग म्हणाली, “पण मुंग्या कशाला आल्या?”

तिने वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली आणि हलक्या हाताने झाड बाहेर काढलं. मुळांना जागोजागी कापसासारखे पांढरे पुंजके चिकटलेले होते.

“हे बघा तुमचे पिठ्या ढेकूण. यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या आल्या. नाव बरोबर शोधलंत, पत्ता चुकला.” ती हसली नाही, पण आवाज मऊ होता. “धरा जरा, मी मुळं धुते.”

मी झाड दोन नखांच्या चिमटीत धरलं.

“असं पडेल ते. नीट हातात धरा.”

“मधल्या पानांवर पीठ राहिलंय. माझे ठसे उमटतील.”

“उमटू देत,” ती म्हणाली आणि नळ सोडला.

कुजलेली मुळं तिने कापली, उरलेल्यांना स्पिरिट लावलं. आता झाड उघड्या मुळांनी सावलीत वाळत पडलंय. आठवड्याने नव्या, कोरड्या मातीत जाईल. जगेलच, असं ती म्हणत नाही. रोज सकाळी ऑफिसला निघताना दारातून विचारते, “बाबा, कसं आहे?” मी नुकताच बघून आलेलो असतो. तरी पुन्हा उठतो, जवळ जाऊन बघतो आणि मग सांगतो.